इंग्रजी शब्दांची खतावणी

व्यापाऱ्याचा सारा दिवस एका उपसर्गावर उभा असतो. संस्कृतात ‘क्री’ हा धातू विकत घेणे या अर्थाचा. त्यापासून क्रय हा शब्द झाला. त्याच धातूच्या आधी ‘वि’ हे एकच अक्षर येऊन बसले की सारा व्यवहार उलटा फिरतो आणि क्रयाचा विक्रय होतो. आपण दुकानात दिवसातून शंभरदा उच्चारतो तो ‘विकणे’ हा शब्दही याच ‘वि’ आणि ‘क्री’ यांच्या झिजेतून मराठीत आला आहे. घेणारा कोण आणि देणारा कोण, हे ठरविण्याचे सामर्थ्य ज्या इवल्याशा अक्षरात आहे, त्याच्याकडे आपले लक्ष मात्र क्वचितच जाते.

जैन वाचकाला ‘उपसर्ग’ म्हटले की प्रथम व्याकरण आठवत नाही. भगवान पार्श्वनाथांवर कमठाने केलेला उपसर्ग आठवतो, मुनिजनांनी समताभावाने सोसलेले उपसर्ग आणि परीषह आठवतात. परंतु व्याकरणातले उपसर्ग आपल्या धर्मव्यवहाराला काही कमी परिचित नाहीत. मुनिमहाराजांचा आहार आणि विहार हे दोन्ही शब्द ‘हृ’ या एकाच धातूचे. भेद केवळ ‘आ’ आणि ‘वि’ यांचा. ‘क्रम’ या शब्दामागे प्रति, अति, सम्, परा, उप हे उपसर्ग लावा, म्हणजे प्रतिक्रमण, अतिक्रमण, संक्रमण, पराक्रम आणि उपक्रम असे पाच निराळे अर्थ उभे राहतात. ‘ग्रह’ घेतला तर संग्रह हा व्यापाऱ्याचा, परिग्रह हा श्रावकाने मर्यादित करावयाचा, निग्रह हा साधूचा आणि आग्रह हा आपल्या सर्वांचाच! संस्कृत व्याकरणात असे बावीस उपसर्ग मोजले जातात. ज्याने लहानपणी पाठशाळेत हे शब्द ऐकले, त्याला इंग्रजी शब्दांचे निम्मे रहस्य ठाऊक झालेलेच असते. फक्त ते ठाऊक आहे याची जाणीव नसते.

इंग्रजी कोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन, तिच्यापासून निघालेली फ्रेंच आणि ग्रीक या भाषांतून आलेले आहेत. कायदा, हिशेब, वैद्यक आणि शास्त्र यांच्या परिभाषेत तर हे प्रमाण फारच मोठे. या भाषा आपल्या संस्कृताच्या भगिनी होत. सर विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य केवळ योगायोगाचे नसून त्यांचा उगम एकच असला पाहिजे, असे मत मांडले, आणि पुढील दोन शतकांच्या अभ्यासाने ते दृढ झाले. तेव्हा ग्रीक-लॅटिन उपसर्ग शिकणे म्हणजे परक्याच्या घरात शिरणे नव्हे. दूरच्या चुलत घराण्याची वंशावळ पाहण्यासारखेच ते आहे.

हे नाते किती जवळचे आहे ते पहावे. संस्कृतात नकारासाठी व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो: अहिंसा, अपरिग्रह, परंतु अनेकांत, अनंत. ग्रीकमध्ये नेमका हाच नियम आहे. ‘टोमोस’ म्हणजे कापलेला, म्हणून ‘अ-टम’ म्हणजे जो कापता येत नाही तो. आपल्या शास्त्रांनी परमाणूला जे अविभाज्यत्व दिले तेच ग्रीकांनी त्यांच्या अॅटमला दिले होते. पुढे विज्ञानाने अॅटम फोडला, पण नाव तसेच राहिले. ‘हायमा’ म्हणजे रक्त, आणि स्वर पुढे येताच ‘अन्’ लागून झाला अॅनिमिया, रक्ताची उणीव. अनेकांतातला ‘अन्’ आणि अॅनिमियातला ‘अॅन्’ हे सख्खे भाऊबंद आहेत. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’. म्हणून ‘पेरिमीटर’ आणि ‘परिमाण’ यांचे दोन्ही अवयव परस्परांशी जुळतात. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूशी जोडतात. आपला ट्रान्सपोर्टवाला आणि ‘तीर्थंकर’ या पदातील ‘तीर्थ’ यांचे भाषेच्या दृष्टीने गोत्र एक निघावे, ही मौज खरी. अर्थात भाड्याच्या बिलावर त्याचा परिणाम होत नाही!

आता ज्या उपसर्गाशी आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, त्याकडे वळू. तो म्हणजे ‘इंटर’, आणि त्याचा जुळा भाऊ ‘इंट्रा’.

31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बेळगाव, निपाणी, कागल आणि कोल्हापूर ही सारी गावे मुंबई राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले. त्याच 1956 साली केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला आणि ‘इंटर-स्टेट’ हा शब्द निपाणीच्या पेढीवर येऊन ठाण मांडून बसला. पेठ तीच, गिऱ्हाईक तेच, गाडीवाट तीच. पण निपाणीहून कोल्हापूरला जाणारा तंबाखूचा बोद आता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागला. सीमेची ही गंमत पाहावयाची तर 1961 साली स्थापन झालेल्या देवचंद महाविद्यालयाकडे पाहावे. निपाणीकर त्याला निपाणीचे कॉलेज म्हणतात, पण ते उभे आहे अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रातील कागल तालुक्यात.

‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या दरम्यान, ‘इंट्रा’ म्हणजे एकाच्या आत. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून या दोन उपसर्गांत कराचे दोन निराळे खाते दडले आहेत. निपाणीच्या व्यापाऱ्याने बेळगावला माल पाठविला तर तो ‘इंट्रा-स्टेट’ पुरवठा. त्यावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर अर्धे-अर्धे लागतात. तोच माल कितीतरी जवळ असलेल्या कागलला पाठविला तर तो ‘इंटर-स्टेट’ झाला आणि त्यावर एकच एकात्मिक कर लागतो. रकमेची बेरीज दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून ‘काय फरक पडतो?’ असे पुष्कळांना वाटते. फरक पडतो. चुकीच्या सदरात भरलेला कर योग्य सदरात आपोआप जात नाही. योग्य सदरात तो पुन्हा भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागावा लागतो. कायद्याने अशा वेळी व्याज माफ केले आहे हे खरे. पण परतावा हाती येईपर्यंत तेवढे भांडवल अडकून पडते, आणि लहान पेढीला तेही जड जाते.

याहून गंभीर गोष्ट कॉम्पोझिशन योजनेतील दुकानदाराची. ठोक दराने थोडा कर भरून हिशेबाच्या कटकटीतून सुटण्याची ही सोय. परंतु मालाचा ‘इंटर-स्टेट’ पुरवठा करणाऱ्याला ती मिळत नाही. निपाणीच्या लहान दुकानदाराने कागलच्या ओळखीच्या दुकानी चार पोती पोचविली, तर त्याच्या दृष्टीने तो शेजारधर्म. कायद्याच्या दृष्टीने योजनेची अट मोडली. तसेच, काही थोडे अपवाद सोडल्यास, परराज्यात माल पुरविणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. दिल्ली-मुंबईच्या व्यापाऱ्याला हा नियम वर्षातून एखाद्या वेळी आठवतो. आपल्याला तो रोज सकाळी कुलूप काढल्यापासून लागू असतो. आणखी एक गुंता आहे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने निपाणीहून माल घेतला आणि ‘तो परभारे चिक्कोडीला माझ्या गिऱ्हाइकाकडे पोचवा’ असे सांगितले, तर माल कर्नाटकाबाहेर पाऊलही टाकीत नाही, तरी निपाणीकराचे बिल ‘इंटर-स्टेट’चेच होते; कारण माल कोल्हापूरकराला मिळाला असे कायदा मानतो. म्हणून उपसर्गाचा अर्थ समजला तरी ‘दरम्यान’ कोणाकोणाच्या, हे आपल्या करसल्लागाराला विचारून घ्यावे.

मराठी माणसाची या दोन उपसर्गांत गफलत का होते? त्याचे कारण आपल्या अज्ञानात नाही, आपल्या भाषेच्या वारशात आहे. लॅटिन ‘इंटर’ हा संस्कृत ‘अन्तर्’चा भाऊ. संस्कृतात ‘अन्तर्’ हा एकच शब्द आत आणि मध्ये असे दोन्ही अर्थ वाहतो. म्हणून मराठीत अंतर्गत म्हणजे आतला, अंतरात्मा म्हणजे आतला. पण आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधला. लॅटिनने या एका घराच्या दोन वाटण्या केल्या आणि ‘इंटर’, ‘इंट्रा’ अशी दोन नावे दिली. आपण अजून एकत्र कुटुंबातच राहतो. तेव्हा खूण अशी धरावी: ‘इंट्रा’च्या शेवटचा ‘आ’ म्हणजे आतला. खूण बालबोध आहे, पण बिल करताना उपयोगी पडते.

दुसरी जोडी घरातल्या माणसांच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून तिच्यावरही थोडे थांबले पाहिजे. ग्रीक ‘हायपर’ म्हणजे वर, अधिक. ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. पहिला आपल्या ‘उपरि’चा भाऊ, दुसरा आपल्या ‘उप’चा. डॉक्टरांच्या कागदावर ‘हायपरटेन्शन’ लिहिले असेल तर रक्तदाब वाढलेला आहे. मधुमेही माणसाच्या बाबतीत ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातली साखर वाढणे, आणि ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे ती नको तितकी उतरणे. कानाला दोन्ही शब्द जवळजवळ सारखे. उपाय मात्र उलटे. साखर उतरली असता, म्हणजे साधारणतः रक्ताच्या एक डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली असता, शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब गोड द्यावे लागते. वाढली असता तेच गोड अपाय करते. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणारी वडीलधारी मंडळी उपवास धरतात, तेव्हा घाम सुटणे, हातपाय थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही ‘हायपो’ची लक्षणे घरातील सुनामुलांना माहीत असणे अगत्याचे आहे. ‘उपवास’ शब्दातला ‘उप’ आणि ‘हायपो’ हे मुळात एकच, हे ज्याच्या ध्यानात राहील त्याला उपवासात कोणत्या बाजूचा धोका अधिक, हे निराळे पाठ करावे लागणार नाही. औषध चालू असणाऱ्याने उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, यात धर्मास बाधा येत नाही.

बाकीचे नेहमीचे उपसर्ग भराभर पाहू. ‘री’ म्हणजे मागे किंवा पुन्हा: रिफंड म्हणजे मागे ओतलेले, रिसीट म्हणजे हाती परत घेतल्याची खूण. ‘एक्स’ म्हणजे बाहेर: एक्सपोर्टमध्ये माल बाहेर वाहिला जातो, एक्झेम्प्टमध्ये वस्तू करातून बाहेर काढली जाते. ‘सब’ खाली, ‘सुपर’ वर, ‘पोस्ट’ नंतर, ‘अँटी’ विरुद्ध. ‘प्री’ म्हणजे आधी आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. हा दुसरा आपल्या ‘प्र’चाच भाऊ. या दोहोंत मात्र सावध राहावे. ‘प्रिस्क्राइब्ड’ म्हणजे आधी लिहून दिलेले, विहित. ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हणजे लोकांपुढे लिहून जाहीरपणे बंदी घातलेले. विहित नमुना आणि निषिद्ध नमुना यांत एका स्वराचे अंतर आहे! ‘कॉम’ किंवा ‘कॉन’ म्हणजे सह. ‘कंपनी’ हा शब्द ‘कॉम’ आणि भाकरी या अर्थाचा ‘पानिस’ यांपासून झाला. एका ताटातली भाकरी खाणारे ते कंपनीवाले. आपल्या भागीदारीच्या पेढ्यांना हा अर्थ आवडावा.

लॅटिन उपसर्ग पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतात, हे ऐकून विद्यार्थी घाबरतात. पण संधी ही आपल्याला नवी नाही. ‘उत्’पासून उल्लेख, उज्ज्वल, उन्नती अशी तीन रूपे आपण न अडखळता लिहितो. तद्वत ‘अॅड’ हा ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग अकाउंटमध्ये ‘अॅक’, अॅफिडेव्हिटमध्ये ‘अॅफ’ आणि असेसमेंटमध्ये ‘अॅस’ होतो. असेसमेंट म्हणजे मुळात जवळ बसणे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून कर ठरविणारा तो असेसर. आज तो शेजारी बसत नाही, संगणकावर नोटीस पाठवितो, पण शब्द तोच आहे.

काही उपसर्ग इतके झिजतात की दिसतही नाहीत. ‘कॉस्ट’ या शब्दात ‘कॉन’ आणि उभे राहणे या अर्थाचा, आपल्या ‘स्था’चा सोयरा असा धातू लपलेला आहे. लॅटिन शब्द फ्रेंच तोंडात घासून गुळगुळीत झाला आणि मग इंग्रजीत आला. ही क्रिया प्राकृताच्या परिचयाने आपल्याला चांगली कळते. णमोकार मंत्रातील ‘उवज्झाय’ म्हणजे उपाध्याय. तेथे ‘उप’चा ‘उव’ झाला. प्रतिक्रमणाचे पडिक्कमण होते, अवधीचा ओही होतो. मराठी व्यापारी भाषेतही परीक्षा झिजून पारख झाली आणि उद्धारापासून उधार आला. उधारीचा उद्धार कधी होतो, हा प्रश्न निराळा. या विषयात आपल्या भागाचा अभिमान वाटावा असे नाव म्हणजे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. चिक्कोडी तालुक्यातील सदलग्यास 1906 साली जन्मलेल्या या विद्वानाने कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविली आणि आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’ची इंग्रजी प्रस्तावना व भाषांतरासह आवृत्ती 1935 मध्ये सिद्ध केली. त्याआधी 1905 साली अण्णासाहेब लठ्ठे यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले होते. या परिसरातील जैन मंडळींना इंग्रजी परकी वाटली नाही, याची ही साक्ष होय.

तथापि उपसर्गांवर आंधळा विश्वास टाकू नये. सर्वांत फसवा ‘इन’. ‘इन्व्हॅलिड’मध्ये तो नकार दाखवितो, ‘इंडेम्निटी’मध्येही, तेथे ‘डॅम्नम’ म्हणजे नुकसान, ते न होऊ देण्याची हमी. पण ‘इन्व्हॉइस’ आणि ‘इन्व्हेस्टमेंट’ यांतला ‘इन’ म्हणजे आत किंवा वर. ‘इन्फ्लेमेबल’ ही पाटी पाहून हा पदार्थ पेटत नाही असे समजणारा गोदामाला आग लावील. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा असाच आहे. म्हणूनच हल्ली डब्यांवर ‘फ्लेमेबल’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. निपाणीच्या जुन्या पिढीने बॉन्डेड गोदामांच्या काळात ज्या ‘एक्साइज’ची धास्ती घेतली, त्यातला ‘एक्स’ हा उपसर्गच नव्हे. कर या अर्थाचा तो शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला. ‘ऑडिट’मध्येही ‘अॅड’ शोधू नये. त्याचा अर्थ ऐकणे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासनीस तो ऐकत असे. करारपत्रात ‘बायमंथली’ शब्द दिसला तर मात्र सही करण्यापूर्वी थांबावे. महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा, अशा दोन्ही अर्थांनी खुद्द इंग्रज तो वापरतात. ‘बायअॅन्युअल’ वर्षातून दोनदा आणि ‘बायेनिअल’ दोन वर्षांतून एकदा, हा भेद कोशात आहे. पण भाडेवाढीचा प्रश्न असेल तर ‘दर सहा महिन्यांनी’ असे स्वच्छ लिहून घेणे बरे.

शिकावे कसे? शब्दांची यादी करून घोकणे म्हणजे नुसती कीर्द लिहिणे होय. रोज नोंद होते, पण कोणाकडे काय येणे आहे ते कळत नाही. कीर्दीवरून खतावणी करावी. वहीच्या एकेका पानाला एकेका धातूचे नाव द्यावे आणि दिवसभरात बिलात, बँकेच्या कागदात, औषधाच्या चिठ्ठीत भेटलेला शब्द रात्री त्या खात्यावर चढवावा. ‘पोर्ट’ म्हणजे वाहणे, या पानावर इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट. ‘मिट’ म्हणजे पाठविणे, येथे परमिट, रेमिटन्स, सबमिट, कमिटमेंट. ‘फर’ म्हणजे वाहून नेणे, आपल्या ‘भृ’ धातूचा भाऊ. येथे ट्रान्सफर, ऑफर, रेफरन्स. ‘क्रेड’ म्हणजे विश्वास. हा तर आपल्या ‘श्रद्धे’चा प्रत्यक्ष भाऊ आहे, आणि क्रेडिट, क्रेडिटर हे शब्द त्याच्या खात्यावर बसतात. शब्दासमोर उपसर्ग, त्याचा अर्थ आणि शब्द जेथे सापडला तो कागद, एवढेच तीन रकाने पुरेत. घरातील सातवी-आठवीच्या मुलामुलींना ही वही सांभाळावयास द्यावी. पेढीवरचे कागद त्यांच्या डोळ्यांखालून जातील आणि वडिलांनाही वर्षभरात कोणत्या शब्दावर आपण नुसत्या अंदाजाने सही करीत होतो ते कळेल. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या चोपड्या येतातच. त्यांत आणखी एक शंभर पानी मागवावी. पहिल्या पानावर ‘इंटर’ आणि ‘इंट्रा’ समोरासमोर लिहून, एकाखाली कागल, कोल्हापूर, इचलकरंजी आणि दुसऱ्याखाली चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव अशी गावे मांडावीत.